दीर्घिकांचे वर्गीकरण आणि सामान्यांची नजर : ‘गॅलेक्सी झू’ या नागरिक विज्ञान प्रकल्पाची चिकित्सा

प्रास्ताविक

विज्ञानाचा व्यवसाय आणि विज्ञानाची आवड यांच्यात एकेकाळी फारशी उंच भिंत नव्हती. १७८१ मध्ये युरेनसचा शोध लावणारा विल्यम हर्शेल हा पेशाने संगीतकार होता. इंग्लंडमधील बाथ या गावी ऑर्गन वाजवून तो उपजीविका करीत असे आणि रात्री स्वतः घडविलेल्या दुर्बिणीतून आकाश न्याहाळीत असे. विसाव्या शतकात मात्र उपकरणे महागली, गणित अवघड झाले, पदव्या आणि पदे यांचे महत्त्व वाढले आणि हौशी निरीक्षक हळूहळू विज्ञानाच्या अंगणातून बाहेर गेला. ११ जुलै २००७ रोजी सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ या प्रकल्पाने या भिंतीला पुन्हा एकदा दार पाडले, असे सर्रास म्हटले जाते. हे दार नेमके कोणासाठी, कोणत्या अटींवर उघडले आणि आत आलेल्या माणसाकडे कोण म्हणून पाहिले गेले, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे. प्रकल्पाची स्तुती करणारे लेखन विपुल असल्याने त्या स्तुतीत भर घालण्याचे प्रयोजन उरलेले नाही.

आरंभी संज्ञेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. इंग्रजीतील ‘सिटिझन सायन्स’ या संज्ञेसाठी मराठीत ‘नागरिक विज्ञान’ हा शब्द रूढ होऊ लागला आहे. ‘लोकविज्ञान’ हा अधिक सोपा व कानाला गोड शब्द आपल्याकडे उपलब्ध होता. परंतु महाराष्ट्रातील लोकविज्ञान चळवळीने त्याला अगोदरच एक निश्चित अर्थ दिला आहे. विज्ञान लोकांपर्यंत नेणे आणि लोकांच्या प्रश्नांशी ते जोडणे हा तो अर्थ होय. नागरिक विज्ञानात प्रवाहाची दिशा उलट असते. तेथे लोकांचा वेळ, लोकांचे डोळे आणि लोकांचे श्रम विज्ञानाकडे जातात. शिवाय ‘नागरिक’ या शब्दात कर्तव्याबरोबर हक्काचाही ध्वनी आहे. प्रत्यक्ष व्यवहारात त्या हक्काचे काय होते, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

रंग आणि आकार

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अपाचे पॉइंट येथे असलेल्या २.५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’ या नावाने आकाशाची पद्धतशीर पाहणी केली. या पाहणीतून लक्षावधी दीर्घिकांची छायाचित्रे संगणकात साठत गेली. छायाचित्रे घेण्याचे काम यंत्राने झपाट्याने केले. त्यांकडे पाहण्याचे काम मात्र मागे पडले.

दीर्घिकेचा आकार हा तिच्या इतिहासाचा लेख असतो. एडविन हबल याने १९२६ मध्ये दीर्घिकांची जी विभागणी मांडली, तिच्यातील लंबवर्तुळाकार आणि सर्पिल हे दोन मुख्य गट आजही वापरात आहेत. सर्पिल दीर्घिकांत वायूचा साठा असतो, नवे तारे जन्मत असतात आणि तरुण, तप्त ताऱ्यांमुळे त्या निळसर दिसतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत ताऱ्यांची निर्मिती बहुतांशी थांबलेली असते. म्हणून त्या तांबूस दिसतात. आकार ओळखणे संगणकाला त्या काळी जमत नव्हते, रंग मोजणे मात्र सहज जमत होते. त्यामुळे रंगावरून आकार ठरविण्याचा सोपा मार्ग अनेकांनी पत्करला होता. तांबडी ती लंबवर्तुळाकार, निळी ती सर्पिल, असा हा हिशेब होता.

या सोयीत एक गंभीर दोष दडलेला होता. निळी लंबवर्तुळाकार दीर्घिका किंवा तांबडी सर्पिल दीर्घिका अस्तित्वात असलीच, तर ती या पद्धतीत कधीच सापडणार नव्हती. कारण व्याख्येनेच तिला बाद केले होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील केविन शाविन्स्की या तरुण संशोधकाला नेमक्या अशाच, ताऱ्यांची निर्मिती अजून चालू असलेल्या लंबवर्तुळाकार दीर्घिका हव्या होत्या. त्यासाठी डोळ्यांनी पाहण्याशिवाय गत्यंतर नव्हते. सुमारे ५०,००० दीर्घिका त्याने एका आठवड्यात स्वतः पाहून वेगळ्या केल्या आणि उरलेल्या लाखोंचे काय करावे, या विवंचनेतून त्याने आणि ख्रिस लिंटॉट याने सहकाऱ्यांसह हे काम जनतेपुढे ठेवण्याचे ठरविले. २००६ मधील ‘स्टारडस्ट अॅट होम’ या उपक्रमात आंतरतारकीय धुळीचे कण शोधण्यासाठी लोकांची मदत घेण्यात आली होती; तो नमुना डोळ्यांसमोर होता.

सुमारे नऊ लाख दीर्घिका आणि प्रत्येकीखाली सहा बटणे, एवढीच मांडणी होती. लंबवर्तुळाकार, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारी सर्पिल, उलट दिशेने फिरणारी सर्पिल, कडेने दिसणारी अथवा दिशा न कळणारी सर्पिल, एकमेकींत मिसळणाऱ्या दीर्घिका, आणि शेवटी तारा किंवा ‘सांगता येत नाही’. काही उदाहरणे पाहून एक छोटी चाचणी दिली की कोणालाही कामाला लागता येत असे. पहिल्याच दिवशी वर्गीकरणाचा वेग ताशी सुमारे ७०,००० वर जाऊन पोहोचला. पहिल्या वर्षात जवळजवळ दीड लाख लोकांनी पाच कोटींहून अधिक वर्गीकरणे केली. कोणत्याही विद्यापीठाला पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या बळावर हे साधले नसते.

बहुमत आणि सत्य

एका दीर्घिकेविषयी सरासरी तीसहून अधिक व्यक्तींनी मत द्यावे आणि त्या मतांतून निर्णय निघावा, ही प्रकल्पाची पद्धत होती. ८० टक्के मते जुळली तर नमुना ‘स्वच्छ’ आणि ९५ टक्के जुळली तर ‘अतिस्वच्छ’ मानण्यात आला. तज्ज्ञांनी केलेल्या लहान याद्यांशी ताडून पाहता लोकांची मते चांगलीच जुळली. अननुभवी माणसे तज्ज्ञांइकतेच अचूक काम करतात, हा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला आणि वृत्तपत्रांनीही तो उचलून धरला.

हा निष्कर्ष खरा आहे. परंतु अपुरा आहे. बहुमताने यादृच्छिक चुका पुसल्या जातात. कोणी कंटाळून चुकीचे बटण दाबले, कोणाची नजर चुकली, तर इतरांच्या उत्तरांत ती चूक विरून जाते. सर्वांचीच नजर एकाच बाजूला झुकत असेल, तर मात्र बहुमत ती चूक पुसत नाही, उलट पक्की करते. हा धोका नुसत्या कल्पनेतला नव्हता. प्रकल्पातच तो प्रत्यक्षात आला आणि ज्या रीतीने तो हाताळला गेला, तो या साऱ्या उपक्रमातील सर्वांत शिकण्याजोगा भाग म्हणावा लागेल.

२००७ च्या सुमारास एका अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने असा दावा केला होता की आकाशातील सर्पिल दीर्घिकांच्या फिरण्याच्या दिशा समसमान नाहीत, एका दिशेचे आधिक्य आहे. हा दावा खरा ठरता तर विश्व सर्व दिशांना सारखेच आहे, या आधुनिक विश्वरचनाशास्त्राच्या मूलभूत गृहीतकालाच तडा गेला असता. सहा बटणांपैकी दोन बटणे दिशेची होती, त्यामुळे ‘गॅलेक्सी झू’कडे याचे उत्तर आपोआपच जमा होत होते. मते मोजली तेव्हा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणाऱ्या दीर्घिका खरोखरच अधिक निघाल्या. लाखो मते, मोठा नमुना आणि स्पष्ट आधिक्य, असे सर्व जुळून आले होते. घाईने प्रसिद्धी देण्यास याहून चांगली संधी मिळणे कठीण होते.

संशोधकांनी घाई केली नाही. त्यांनी काही छायाचित्रे आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलटी करून पुन्हा लोकांपुढे ठेवली. आधिक्य विश्वात असते, तर उलट्या चित्रांत ते दुसऱ्या दिशेला गेले असते. तसे झाले नाही. उलट्या चित्रांतही लोकांनी त्याच दिशेला अधिक कौल दिला. म्हणजे आधिक्य आकाशात नव्हते, पाहणाऱ्यांत होते. ही दुरुस्ती केल्यावर दोन्ही दिशांच्या दीर्घिका समसमान असल्याचे दिसून आले आणि २००८ मध्ये तसा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. माणसाचा डोळा किंवा बटण दाबणारा हात त्या दिशेला का झुकतो, हा प्रश्न खगोलशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला तो खचितच रंजक वाटेल.

दुसरा पूर्वग्रह अंतराचा. दूरची दीर्घिका लहान व अंधुक दिसते, तिच्या सर्पिल भुजा पुसट होतात आणि ती गुळगुळीत गोळ्यासारखी, अर्थात लंबवर्तुळाकार भासते. यात स्वयंसेवकाचा दोष नाही. तज्ज्ञाचीही हीच फसगत होते. ताम्रसृतीच्या आधारे सांख्यिकी पद्धतीने तिची भरपाई करण्यात आली. या दोन्ही उदाहरणांवरून एवढे निश्चित म्हणता येते की ‘गॅलेक्सी झू’चे ज्ञान हे मतमोजणीचे ज्ञान नाही. मते संशयाने तपासून, आरशात उलटी करून आणि अंतराच्या मापाने दुरुस्त करूनच ती ज्ञानाच्या पदवीला पोहोचली. सामाजिक शास्त्रांत प्रश्नावल्यांची बेरीज टक्केवारीच्या कोष्टकात मांडून निष्कर्ष काढण्याची जी सवय महाविद्यालयीन संशोधनात बोकाळली आहे, तिच्या पार्श्वभूमीवर हा आरशाचा प्रयोग वर्गात आवर्जून शिकवावा असा आहे.

सातव्या बटणाची गोष्ट

प्रकल्पाच्या आखणीत उत्तरे सहाच होती. सर्वांत मोलाचे शोध मात्र या सहांपैकी एकाही बटणातून निघाले नाहीत.

ऑगस्ट २००७ मध्ये हॅनी फान आर्केल या डच शालेय शिक्षिकेने आयसी २४९७ या सर्पिल दीर्घिकेचे छायाचित्र पाहिले. वर्गीकरणाचे काम एका क्षणाचे होते. परंतु दीर्घिकेच्या खाली तिला एक निळसर, वेडावाकडा डाग दिसला आणि हे काय आहे, असा प्रश्न तिने प्रकल्पाच्या चर्चापीठावर विचारला. उत्तर कोणाजवळच नव्हते. त्या वस्तूला ‘हॅनीज फोरवेर्प’ असे नाव पडले. ‘फोरवेर्प’ या डच शब्दाचा अर्थ नुसता ‘वस्तू’ एवढाच आहे. पुढील निरीक्षणांतून जे उलगडले ते विलक्षण होते. तो प्रचंड वायूचा मेघ होता आणि शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातील एका तेजस्वी क्वासारच्या प्रकाशाने तो उजळला होता. तो क्वासार आता तेथे दिसत नाही. गेल्या सुमारे दोन लाख वर्षांत तो मंदावला. परंतु त्याचा जुना प्रकाश मेघापर्यंत पोहोचून अजून तेवतो आहे. दिवा मालवल्यावरही भिंतीवर उजेड राहावा, तसा हा प्रकार. महाकाय कृष्णविवराचे भक्षण खगोलशास्त्राच्या कालमापनात किती अचानक थांबू शकते, याचा हा एक दुर्मीळ पुरावा ठरला. पुढे स्वयंसेवकांनी असेच लहान मेघ हेतुपुरस्सर शोधले आणि त्यांतून १९ उदाहरणांचा संच तयार झाला.

‘हिरव्या वाटाण्यां’ची कथा याहून अधिक बोलकी आहे, कारण येथे शोध एका व्यक्तीचा नाही. छायाचित्रांत अधूनमधून लहान, गोल, हिरवे ठिपके दिसत. काही स्वयंसेवकांनी ते गमतीने जमविण्यास सुरुवात केली. गमतीची पुढे चिकाटी झाली. त्यांनी ठिपक्यांचे वर्णपट पाहिले, त्यांत ऑक्सिजनची तीव्र रेषा असल्याचे ओळखले आणि खरे वाटाणे कोणते, खोटे कोणते, याचे निकष आपसांत चर्चा करून ठरविले. तज्ज्ञांचे लक्ष त्यानंतर गेले. २००९ मध्ये कॅरोलिन कार्डामोन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा २५१ वस्तूंची नोंद आहे. या दीर्घिका आकाराने अगदी लहान असून त्यांच्यात ताऱ्यांची निर्मिती मात्र वस्तुमानाच्या मानाने अत्यंत वेगाने चालू आहे. विश्वाच्या आरंभकाळी अशा दीर्घिका सर्वत्र असाव्यात, असा तर्क होता. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत अतिदूरच्या काही दीर्घिकांचे वर्णपट या वाटाण्यांशी मिळतेजुळते आढळले, तेव्हा त्या तर्काला बळ मिळाले.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. हॅनी आणि वाटाणे या दोन कथा नागरिक विज्ञानावरील प्रत्येक भाषणात येतात आणि त्यांच्या झगमगाटात पाच कोटी निनावी वर्गीकरणे झाकोळली जातात. बहुसंख्य स्वयंसेवकांच्या वाट्याला शोध येत नाही, त्यांच्या वाट्याला पुढची दीर्घिका येते. तरीही या कथांचे महत्त्व नाकारता येत नाही. चर्चापीठ ही प्रकल्पाची मूळ गरज नव्हती. शेकडो पत्रांना उत्तरे देणे अशक्य झाले म्हणून लोकांनी आपसांत बोलावे, एवढ्याच हेतूने ती सोय करण्यात आली होती. ज्या जागेची आखणी कोणी संशोधनासाठी केलीच नव्हती, त्या जागेत संशोधन घडले. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारा स्वयंसेवक हा श्रमिक असतो. न विचारलेला प्रश्न उपस्थित करतो तेव्हा तो संशोधक होतो. ‘गॅलेक्सी झू’च्या यशाचे मोजमाप पहिल्या भूमिकेवरून केले जाते आणि गौरव दुसऱ्या भूमिकेचा होतो. ही विसंगती समीक्षकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

श्रेय कोणाचे?

खगोलशास्त्रात वर्गीकरणाचे श्रम स्वस्तात करवून घेण्याची परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हार्वर्ड वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग याच्या देखरेखीखाली स्त्रिया ताशी २५ सेंटच्या आसपास मोबदल्यावर काचेच्या पट्ट्यांवरील ताऱ्यांची नोंद घेत असत. त्यांपैकी अॅनी जम्प कॅनन हिने सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांचे वर्गीकरण केले. हेन्रिएटा लेविट हिने बदलत्या तेजाच्या ताऱ्यांची दीप्ती आणि त्यांचा आवर्तकाल यांतील संबंध शोधून काढला. त्याच्याच आधारे हबलला दीर्घिकांची अंतरे मोजता आली. १९१२ मधील ते परिपत्रक मात्र पिकरिंगच्या सहीने निघाले आणि मजकूर कुमारी लेविट यांनी तयार केला असल्याचा उल्लेख एका वाक्यात झाला. ते वाक्य तरी होते, एवढे समाधान मानावयाचे.

या तुलनेस आक्षेप घेता येईल. हार्वर्डमधील स्त्रिया उपजीविकेसाठी काम करीत होत्या, ‘गॅलेक्सी झू’चे स्वयंसेवक आनंदासाठी करतात. आक्षेप रास्त आहे. हजारो स्वयंसेवकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीत सुमारे ४० टक्के लोकांनी मूळ वैज्ञानिक संशोधनाला हातभार लावणे, हीच आपली मुख्य प्रेरणा असल्याचे सांगितले. खेळ, करमणूक किंवा सुंदर चित्रे पाहणे ही कारणे मागे पडली. परंतु याच उत्तराने प्रश्न अधिक तीव्र होतो. ज्याला करमणूक हवी होती, त्याला ती मिळाली आणि व्यवहार पुरा झाला. ज्याला संशोधनात सहभाग हवा होता, त्याचा सहभाग कोठे नोंदला गेला?

प्रकल्पाचे वर्तन या बाबतीत एकसारखे नाही. फोरवेर्पवरील २००९ च्या निबंधात हॅनी फान आर्केल हिचे नाव सहलेखक म्हणून आहे. वाटाण्यांच्या निबंधात मात्र ते जमविणाऱ्या गटाचे आभार मानलेले आहेत. लेखकांच्या यादीत त्यांना स्थान नाही. ज्यांनी वस्तू शोधल्या, त्यांचे वर्णपट वाचले आणि निकष ठरविले, त्यांचे काम कोणत्या कसोटीवर एका निळ्या डागाकडे बोट दाखविण्यापेक्षा कमी ठरते, हे समजणे कठीण आहे. कदाचित एका व्यक्तीला सहलेखक करणे सोपे असते, गटाला करणे अडचणीचे होते, एवढेच त्यामागचे कारण असावे. तसे असेल तर ती अडचण कारकुनी स्वरूपाची आहे, तात्त्विक नव्हे. पुढील प्रकल्पांत परिस्थिती सुधारली, हेही नमूद केले पाहिजे. डिसेंबर २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘झूनिव्हर्स’ या व्यापक उपक्रमातील ‘प्लॅनेट हंटर्स’ प्रकल्पात स्वयंसेवकांनी केआयसी ८४६२८५२ या ताऱ्याच्या तेजातील विचित्र घट हेरली आणि त्यावरील निबंधात ते सहलेखक म्हणून समाविष्ट झाले.

श्रमांचे मोल किती, याचाही अंदाज उपलब्ध आहे. ‘झूनिव्हर्स’वरील सात प्रकल्पांच्या पहिल्या १८० दिवसांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे एक लाख लोकांनी दिलेल्या विनामूल्य श्रमांची किंमत १५ लाख डॉलरहून अधिक होते. त्याच अभ्यासात असेही दिसले की सुमारे ८० टक्के काम वरच्या १० टक्के लोकांनी केले आणि बहुतेक जण एकदा येऊन परत फिरकले नाहीत. म्हणजे ‘लाखोंचा सहभाग’ या शब्दप्रयोगामागे प्रत्यक्षात काही हजारांची चिकाटी असते. लाखांचे नाव घेतल्याने त्या काही हजारांचे ऋण पुसट होते. सर्वांचे आभार मानणे म्हणजे कोणाचेच नाव न घेण्याचा सभ्य प्रकार ठरतो. आपल्याकडील संशोधन प्रकल्पांत भर उन्हात गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरून आणणारे विद्यार्थी अहवालाच्या कोणत्या पानावर असतात, हा प्रश्न यानिमित्ताने प्रत्येक मार्गदर्शकाने स्वतःला विचारण्यास हरकत नाही.

यंत्र आणि शिक्षक

‘गॅलेक्सी झू’ सुरू झाला तेव्हा त्याचा आधारच असा होता की संगणकाला आकार ओळखता येत नाही. तो आधार फार काळ टिकला नाही. २०१० मध्येच स्वयंसेवकांच्या उत्तरांवर शिकविलेल्या न्यूरल नेटवर्कने मुख्य गटांच्या बाबतीत ९० टक्क्यांहून अधिक वेळा माणसांशी जुळणारी उत्तरे दिली. पुढे ‘झूबॉट’ ही प्रणाली विकसित झाली. युरोपीय अवकाश संस्थेच्या युक्लिड दुर्बिणीने पाठविलेल्या छायाचित्रांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये एक महिना ९,९७६ स्वयंसेवकांनी काम केले, त्यांच्या उत्तरांवर ‘झूबॉट’ शिकला आणि मार्च २०२५ मध्ये ३,८०,००० हून अधिक दीर्घिकांची यादी प्रसिद्ध झाली. युक्लिडकडून अखेरीस अपेक्षित असलेल्या दीर्घिकांच्या तुलनेत हा आकडा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. एवढ्या दीर्घिका डोळ्यांनी पाहणे कोणत्याही जनसमुदायाला शक्य नाही, हे उघड आहे.

या बदलाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. प्रकल्पाच्या बाजूने असे सांगितले जाते की स्वयंसेवकाला बढती मिळाली. पूर्वी तो कामगार होता, आता तो यंत्राचा शिक्षक आहे. यंत्र सोपी चित्रे स्वतः हाताळते आणि ज्यांविषयी त्याला खात्री नसते ती माणसापुढे ठेवते. यात तथ्य आहे. हजारावी गुळगुळीत, गोल दीर्घिका पाहण्यात कोणाचेही भले होत नव्हते.

परंतु यंत्राची ‘खात्री नसणे’ म्हणजे काय, याचा बारकाईने विचार केला पाहिजे. यंत्राला त्याला शिकविलेल्या प्रश्नांच्या चौकटीत शंका येते. दीर्घिकेला भुजा आहेत की नाहीत, याविषयी ते साशंक होते. आयसी २४९७ च्या बाबतीत मात्र त्याला कसलीच शंका आली नसती. ती सर्पिल दीर्घिका आहे, हे त्याने पूर्ण खात्रीने नोंदविले असते आणि खालच्या निळ्या डागासह ते चित्र कोणाच्याही नजरेस न पडता यादीत गेले असते. विचित्र वस्तू शोधून काढणाऱ्या संगणकीय पद्धती आता उपलब्ध आहेत, हे खरे आहे. तथापि त्या जे विचित्र म्हणून पुढे करतात, त्यात छायाचित्रातील दोष, उपग्रहांच्या रेघा आणि खरोखरीचे नवल यांची सरमिसळ असते आणि त्यातून नवल वेचण्यास पुन्हा माणूसच लागतो. त्यामुळे कार्यक्षमतेच्या नावाखाली माणसाने पाहावयाच्या चित्रांची संख्या किती कमी करावी, हा तांत्रिक प्रश्न वाटला तरी तसा तो नाही. ‘सामान्य’ म्हणून बाजूला काढलेल्या चित्रांपैकी काही चित्रे कोणतेही कारण नसताना माणसांपुढे येत राहतील, अशी तरतूद जाणीवपूर्वक ठेवली नाही, तर सातवे बटण कायमचे बंद होईल.

दुसरी वाट : खोडदची दुर्बीण आणि ‘रॅड अॅट होम’

नागरिक विज्ञानाची रचना अशीच असली पाहिजे असे नाही, हे दाखविणारे एक उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण आहे. तिने केलेल्या आकाश पाहणीची माहिती खुली असल्याने २०१३ मध्ये आनंद होता या खगोलशास्त्रज्ञाने ‘रॅड अॅट होम’ हा भारतीय उपक्रम सुरू केला. येथे बटणे नाहीत आणि मतमोजणीही नाही. सहभागी होणाऱ्यास प्रथम प्रशिक्षण दिले जाते. रेडिओ, अवरक्त आणि दृश्य प्रकाशातील चित्रे एकमेकांवर ठेवून पाहण्यास तो शिकतो आणि जे विचित्र दिसेल त्यावर तज्ज्ञांशी चर्चा करतो. ‘गॅलेक्सी झू’मध्ये जे आडवाटेने घडले, ते येथे मुख्य रस्त्यावर आणलेले आहे. संख्या अर्थातच लहान राहते. परंतु २०२२ मध्ये या उपक्रमातून एका दीर्घिकेच्या कृष्णविवरातून निघालेला झोत तिच्याशी विलीन होऊ पाहणाऱ्या शेजारच्या दीर्घिकेवर आदळत असल्याचे उदाहरण प्रसिद्ध झाले. २०२५ मध्ये युरोपातील लोफार दुर्बिणीच्या माहितीतून अतिदूरच्या जोड रेडिओ वर्तुळांचा शोधही याच उपक्रमाच्या नावावर जमा झाला.

या प्रतिमानाच्याही मर्यादा आहेत. प्रशिक्षण देणारे तज्ज्ञ मोजके आणि त्यांचा वेळ मर्यादित असल्याने ते पाच कोटी वर्गीकरणांचे काम करू शकणार नाही. दीर्घिकांच्या लोकसंख्येविषयी सांख्यिकी विधाने करावयाची असतील, तर ‘गॅलेक्सी झू’चीच वाट धरावी लागेल. मात्र विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात प्रकल्पकार्याला जे स्थान दिले जात आहे, त्याचा विचार करता या दोहोंतील फरक प्राध्यापकांनी लक्षात घेणे गरजेचे आहे. विद्यार्थ्याने पाचशे दीर्घिकांवर बटणे दाबून प्रमाणपत्र आणले, की त्याने एका दीर्घिकेचे तीन तरंगलांबींतील चित्र समोर ठेवून, यात काय जुळत नाही ते लिहून आणले, यावर त्या प्रकल्पाला किती गुण द्यावयाचे हे ठरले पाहिजे.